पोथी, यंत्र आणि जाणणारा

संगणकाचा इतिहास बहुधा यंत्रांच्या पिढ्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आधी दातेरी चाके, मग व्हॉल्व्ह, मग ट्रान्झिस्टर, मग चिप. या सगळ्या पिढ्यांना पुरून उरलेला एक प्रश्न मात्र यंत्रविद्येचा नाही, तत्त्वज्ञानाचा आहे: जाणणारा कोणी नसताना ज्ञान असू शकते का? माहिती वस्तूत साठवता येते. तिच्यावर करायची क्रियाही वस्तूकडे सोपवता येते. मग जाणणे म्हणून जे काही उरते, ते खरोखर वेगळे आहे की सवयीने वेगळे वाटते?

हा प्रश्न यंत्राबरोबर आला असे समजण्याची रीत पडली आहे. प्रत्यक्षात तो पोथीबरोबर आला. मुखातले ज्ञान पानावर उतरले तेव्हाच ते जाणणाऱ्यापासून सुटे झाले, आणि पानावर उरले त्याला काय म्हणायचे याचा निवाडा करणे भाग पडले. भारतात या निवाड्यावर अतिशय बारीक काम जैन आचार्यांनी केले. त्यांच्या ग्रंथांचे एक जुने घर वाशीम जिल्ह्यात, कारंजा लाड येथे आहे.

कारंजा बहुसंख्य मराठी वाचकांना नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून ठाऊक असते. दिगंबर जैन परंपरेत त्याची ओळख निराळी आहे. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही शाखांची मंदिरे या गावात आहेत. येथे भट्टारकांची पीठे होती आणि त्यांच्या आश्रयाने हस्तलिखितांची भांडारे वाढली. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, तीत कारंज्याच्या पोथ्यांचा वाटा मोठा होता. त्या सूचीने अपभ्रंश वाङ्मयाच्या अभ्यासकांचे लक्ष या गावाकडे वळले. पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादित केले आणि ते १९३१ मध्ये कारंजा जैन ग्रंथमालेत निघाले. ‘णायकुमारचरिउ’ आणि ‘करकंडचरिउ’ पुढच्या काही वर्षांत अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी छापून आणली. दोन्ही हिरालाल वेगळे; नामसाम्यामुळे संदर्भग्रंथांतही त्यांची गल्लत होते.

हिरालाल जैन यांचे सर्वांत मोठे काम ‘धवला’चे. आचार्य पुष्पदंत (वरच्या अपभ्रंश कवीहून वेगळे) आणि भूतबली यांच्या षट्खंडागमावर वीरसेनाचार्यांनी लिहिलेली ही टीका इसवी सन ८१६ मध्ये पूर्ण झाली. त्यानंतर शतकानुशतके ती कर्नाटकातील मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर जवळजवळ बंदिस्त होती. दर्शनाला येणाऱ्यांनी लांबून हात जोडावेत, वाचू नये, अशी स्थिती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे माणिकचंद पानाचंद यांच्या खटपटीने नक्कल करण्याचे काम सुरू झाले. मिरजेचे गजपती उपाध्याय त्यात होते. काम पाव शतक चालले. नक्कल मूडबिद्रीबाहेर जाऊ द्यायची नव्हती, पण गजपतींनी पत्नीच्या मदतीने गुपचूप एक कन्नड प्रत उतरवली आणि ती सहारनपूरला पोहोचली. तेथे कन्नडची देवनागरी करण्यासाठी नेमलेल्या शास्त्रीबुवांनी पुन्हा आपल्यापुरती एक प्रत ठेवून घेतली. तिच्यापासून प्रती फुटत गेल्या. अमरावतीत १९३९ मध्ये पहिला खंड छापला गेला तेव्हा संपादकांपुढे ज्या प्रती होत्या, त्यांतली एक कारंज्याच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमातली होती. पुढे एकूण सोळा खंड निघाले.

ही हकीकत येथे मुद्दाम विस्ताराने दिली, कारण तिच्यात साठवण, नक्कल, लिप्यंतर, प्रवेशाचे निर्बंध आणि चोरी हे सगळे आले आहे, आणि यातले एकही काम करायला मजकूर समजावा लागत नाही. जुन्या लेखनिकांना याची पक्की जाण होती. पोथीच्या शेवटच्या पुष्पिकेत ते सरळ लिहून मोकळे होत की, समोरच्या पुस्तकात जसे दिसले तसे उतरवले आहे, शुद्ध-अशुद्धाचा दोष आपल्याला लावू नये. त्याच्याच खाली, पाठ वाकली, मान मोडली, तेलापाण्यापासून आणि ढिल्या बांधणीपासून ही पोथी जपा, अशी विनवणी असे. लेखनिकाने श्रमांची जबाबदारी घेतली, अर्थाची घेतली नाही.

तर मग पानावर असते ते ज्ञान असते काय? जैन ज्ञानमीमांसेत ज्ञानाचे पाच प्रकार आहेत: मती, श्रुत, अवधी, मनःपर्यय आणि केवल. त्यांतले श्रुत म्हणजे शब्दाच्या आधाराने होणारे ज्ञान. त्याचे पुन्हा दोन भाग पाडले जातात. उच्चारलेला ध्वनी, लिहिलेले अक्षर, ताडपत्र, शाई हे सारे द्रव्यश्रुत. त्याच्या निमित्ताने जीवात जे जाणणे घडते ते भावश्रुत. या विभागणीमागे एक रोखठोक भौतिक मत आहे. मीमांसकांना शब्द नित्य वाटला, नैयायिकांनी तो आकाशाचा गुण मानला, जैनांनी मात्र शब्द हा पुद्गलाचा, म्हणजे जड द्रव्याचाच एक पर्याय (अवस्था) ठरवला. शब्द जड असेल तर तो अडवता येतो, साठवता येतो, एका वस्तूतून दुसऱ्या वस्तूत नेता येतो. ध्वनिमुद्रणाच्या काळात हे मत फारच सोयीचे दिसते, पण ते मांडले गेले तेव्हा त्याला यंत्राचा कोणताही आधार नव्हता.

कुंदकुंदाचार्यांनी ‘समयसारा’त याचा शेवटचा निष्कर्ष काढला. त्यांचे म्हणणे असे की, शास्त्र हे ज्ञान नव्हे, कारण शास्त्र स्वतः काहीच जाणत नाही. शास्त्र वेगळे, ज्ञान वेगळे. हाच न्याय ते शब्दाला लावतात, रूपाला लावतात, रस-गंधाला लावतात. ज्या परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी म्हणून पोथ्यांची पूजा होते, भांडारातले ग्रंथ बाहेर काढून झटकले जातात आणि नव्या वेष्टनात बांधले जातात, त्याच परंपरेत हे वाक्य प्रमाण मानले जाते. यात विसंगती नाही. पोथी ज्ञानाचे निमित्त आहे म्हणून पूज्य. ज्ञानाचे उपादान, म्हणजे मूळ कारण, जीव आहे, म्हणून पोथीला ज्ञानी म्हणायचे नाही.

याच श्रुताची मोजदाद करताना जैन गणिताने एक संख्या गाठली, जी आजच्या संगणकाच्या पोटात जशीच्या तशी सापडते. परंपरेप्रमाणे मूळ अक्षरे चौसष्ट: तेहेतीस व्यंजने, ऱ्हस्व-दीर्घ-प्लुत धरून सत्तावीस स्वर आणि चार योगवाह. या चौसष्टांतून एक, दोन, तीन अशी कितीही अक्षरे एकत्र घेऊन होणारे सर्व संयोग किती? ‘धवला’त आणि दहाव्या शतकातल्या नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींच्या ‘गोम्मटसारा’त त्याची रीत दिली आहे. चौसष्ट जागा मांडाव्यात, प्रत्येक जागी दोन द्यावेत, सगळ्यांचा गुणाकार करावा आणि त्यातून एक वजा करावा. उत्तर येते १८४४६७४४०७३७०९५५१६१५. संपूर्ण श्रुताची अक्षरसंख्या ती हीच.

प्रत्येक जागी दोनच का, हे पाहण्यासारखे आहे. कोणत्याही संयोगात एखादे अक्षर एकतर असते किंवा नसते. तिसरी शक्यता नाही. एक वजा का, तर एकही अक्षर नसलेला संयोग हा संयोगच नव्हे. आजचा चौसष्ट बिटांचा प्रोसेसर एका रजिस्टरमध्ये चिन्हाविना जी सर्वांत मोठी संख्या ठेवू शकतो ती नेमकी हीच, आणि तेथेही कारण तेच: चौसष्ट जागा, प्रत्येकीत ‘आहे’ किंवा ‘नाही’. आचार्य येथे थांबले नाहीत. एका मध्यम पदात १६३४८३०७८८८ अक्षरे असतात असे मानून त्यांनी वरच्या संख्येला भाग दिला. भागाकार आला ११२८३५८००५ पदांचा. ती श्रुताच्या बारा अंगांची, म्हणजे मुख्य आगमग्रंथांची, पदसंख्या. उरलेली ८०१०८१७५ अक्षरे अंगबाह्य श्रुताला दिली. शास्त्राचे प्रमाण भागाकाराने ठरवायचे आणि बाकीलासुद्धा शास्त्रात जागा द्यायची, हा हिशेबीपणा दुसऱ्या धार्मिक वाङ्मयात क्वचितच आढळेल. आजच्या कॅल्क्युलेटरवर हा भागाकार बरोबर येतो, एका अक्षराचाही फरक पडत नाही.

‘धवला’च्या चौथ्या खंडाला लखनौ विद्यापीठाचे गणितज्ञ अवधेश नारायण सिंह यांनी प्रास्ताविक लेख लिहिला आणि तीतल्या गणिताकडे पहिल्यांदा नीट लक्ष वेधले. त्यातली अर्धच्छेदाची कल्पना संगणकाच्या अगदी जवळची आहे. एखादी संख्या निम्मी-निम्मी करत एकावर आणायला जितक्या वेळा निम्मी करावी लागते, तितके तिचे अर्धच्छेद. ६४ चे ३२, १६, ८, ४, २, १: अर्धच्छेद सहा. म्हणजेच दोन पाया धरलेला लॉगरिदम. दोन संख्यांच्या गुणाकाराचे अर्धच्छेद त्यांच्या अर्धच्छेदांच्या बेरजेइतके असतात, हा नियमही वीरसेनांना ठाऊक होता. अर्धच्छेदांचे पुन्हा अर्धच्छेद काढले की वर्गशलाका. उलट बाजूने अवाढव्य संख्या उभ्या करण्यासाठी वर्गित-संवर्गित ही क्रिया: संख्येला तिचाच घात द्यायचा, आलेल्याला पुन्हा त्याचाच घात. दोनवर ती एकदा केली की ४, दुसऱ्यांदा २५६, तिसऱ्यांदा २५६ चा २५६ वा घात. ही शेवटची संख्या लिहायला ६१७ अंक लागतात, पण तिचे अर्धच्छेद अवघे २०४८ आणि वर्गशलाका ११. केवळ २५६ बाइटांची स्मृती किती वेगवेगळ्या अवस्थांत असू शकते, त्याचे उत्तर हीच संख्या आहे.

एवढ्यावरून जैन आचार्यांना संगणक ठाऊक होता असे कोणी म्हणू लागले तर ती भाबडी समजूत ठरेल. अर्धच्छेदांची कोष्टके करून त्यांनी गुणाकार सोपा केला नाही, ‘आहे-नाही’च्या जागा धातूत बसवल्या नाहीत. त्यांचे काम जीव, काल आणि लोक यांचे प्रमाण ठरवण्याचे होते. त्यांच्या ‘असंख्यात’ आणि ‘अनंत’ या श्रेणी एकोणिसाव्या शतकात कॅन्टॉरने मांडलेल्या अनंतांशी जुळत नाहीत. असंख्याताच्या खालच्या पायऱ्या आजच्या गणिताने पाहिल्या तर सांतच आहेत. आचार्यांचे श्रेय दुसरे आहे. शब्दबद्ध ज्ञान कितीही अफाट असले तरी मोजण्याजोगे आहे, हे त्यांनी निःसंदिग्धपणे धरले, आणि लगेच पुढचे पाऊल टाकले: जे शब्दांत सांगता येते ते न सांगता येणाऱ्याच्या अनंताव्या भागाएवढे, आणि त्याचाही अनंतावा भागच श्रुतात उतरतो.

युरोपात गणनयंत्राची वाट धर्माच्या अंगणातूनच गेली. मायोर्काच्या रामोन लुल याने तेराव्या शतकाच्या अखेरीस ईश्वराच्या गुणांना अक्षरे दिली आणि ती एकाभोवती एक फिरणाऱ्या कागदी चकत्यांवर मांडली. चकत्या फिरवून निघणाऱ्या संयोगांनी परधर्मीयांना वादात जिंकता येईल अशी त्याची उमेद होती. पास्कलने १६४२ मध्ये वडिलांच्या करवसुलीच्या कामासाठी बेरजेचे यंत्र केले आणि पुढे आपल्या टिपणांत नोंदवले की, या यंत्राची कृती प्राण्यांच्या कृतीपेक्षा विचाराच्या अधिक जवळ जाते, तरी त्याला इच्छा आहे असे म्हणावे लागेल असे काही ते करत नाही. यंत्राबद्दल इतके नेमके वाक्य पुढची दोनशे वर्षे कोणी लिहिले नाही. लायब्निझने एक आणि शून्यावर उभे असलेले अंकगणित मांडले, तेव्हा एक म्हणजे ईश्वर आणि शून्य म्हणजे अभाव, सृष्टी या दोहोंतून झाली, असा अर्थ त्याने त्यात पाहिला आणि तशा चित्राचे पदकही सुचवले. बॅबेजने १८३७ च्या आपल्या ग्रंथात गणनयंत्राच्या आधारे चमत्कारांचे समर्थन केले: यंत्र दीर्घकाळ एका नियमाने संख्या देत राहते आणि मग एकाएकी वेगळी संख्या देते, पाहणाऱ्याला नियम मोडल्यासारखा वाटतो, पण तो बदल यंत्र रचतानाच त्यात घातलेला असतो. ईश्वर जणू कार्यक्रम लिहिणारा झाला. बॅबेजच्याच पुढच्या यंत्राच्या आराखड्यावर टिपणे लिहिताना एडा लव्हलेसने १८४३ मध्ये बजावले की, यंत्र स्वतःहून काही निर्माण करण्याचा दावा करत नाही. त्याने काय करायचे हे आपल्याला सांगता आले पाहिजे.

१८५४ मध्ये बूलने तर्काचे बीजगणित केले, १९३७ मध्ये शॅननने ते विजेच्या खटक्यांना लावून दाखवले. यांच्या मध्ये, १९३६ मध्ये ट्यूरिंगने जे केले ते तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. गणना म्हणजे काय, हे ठरवण्यासाठी त्याने कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करणारा कारकून डोळ्यांपुढे ठेवला आणि त्याच्यातून समज पूर्णपणे काढून टाकली. उरले ते एवढेच: समोरचे चिन्ह पाहायचे, नियमाप्रमाणे ते बदलायचे, एक घर सरकायचे. पुष्पिकेतला लेखनिकच जणू शुद्ध गणिती रूपात पुढे आला. याच लेखात त्याने हेही सिद्ध केले की, या मार्गाने न सुटणारे प्रश्न आहेत. आणि गणना करून काढता येतील अशा संख्या, ज्या काढता येणार नाहीत त्यांच्या मानाने नगण्य आहेत. सांगता येणारे न सांगता येणाऱ्याच्या अनंताव्या भागाएवढे, या जैन विधानाची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. साम्य मात्र आकाराचे आहे, पुराव्याचे नाही. एकाकडे सिद्धता आहे, दुसऱ्याकडे आगम.

१९४६ मध्ये फिलाडेल्फियाचे एनिॲक हे गणनयंत्र जगापुढे आले, पण नव्या कामासाठी त्याच्या तारा नव्याने जोडाव्या लागत. खरी कोंडी फुटली ती मँचेस्टरला, २१ जून १९४८ रोजी. तेथल्या छोट्या यंत्रात आज्ञा आणि आकडे एकाच स्मृतीत राहू लागले. त्याने चालवलेला पहिला कार्यक्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. २६२१४४, म्हणजे दोनाचा अठरावा घात, या संख्येचा तिच्याहून लहान असा सर्वांत मोठा विभाजक काढायचा. उत्तर उघडच निम्मे, १३१०७२. यंत्राला मात्र एक-एक संख्या खाली उतरत प्रत्येकीने भागून पाहावे लागले आणि त्याला ५२ मिनिटे लागली. एका अर्धच्छेदाला ५२ मिनिटे! तरीही इतिहासात उडी मोठी होती, कारण आता पोथी स्वतःच्या पानांवरच्या आज्ञा स्वतः पाळू लागली.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला टिफ्रॅक हा संगणक १९६० पासून कामाला लागला. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिने परम ८००० हा महासंगणक उभा केला. त्याचे प्रमुख विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, म्हणजे वऱ्हाडातलेच. कारंजा तेव्हा त्याच जिल्ह्यात होते, वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. आपल्या विषयाला महासंगणकापेक्षाही जवळचे काम सी-डॅकच्या जिस्ट विभागाने केले. भारतीय लिप्यांसाठीची संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाली आणि देवनागरी अक्षराला संगणकात ठरावीक जागा मिळाली. युनिकोडमध्ये देवनागरीचा मुख्य संच १२८ संकेतांचा आहे. त्याचे अर्धच्छेद सात. बत्तीस अक्षरांचा एक श्लोक या मापाने ‘धवला’ बहात्तर हजार श्लोकांची मानतात. म्हणजे सुमारे तेवीस लाख अक्षरे. एका अक्षराला सरासरी दोन संकेत आणि एका संकेताला तीन बाइट धरले, तर सगळी ‘धवला’ १४ मेगाबाइटांत बसते. गजपतींची पंचवीस वर्षे मोबाइलवर काढलेल्या दोन-चार छायाचित्रांएवढी जागा घेतात.

इथपर्यंत कुंदकुंदांच्या न्यायाला धक्का लागत नाही. संगणकातली ‘धवला’ हे द्रव्यश्रुतच. पानाऐवजी विद्युत्भार आला एवढेच. अडचण पुढची आहे. शास्त्र जाणत नाही, असे म्हणताना समोर निश्चल पोथी होती. प्रश्न विचारला की उत्तर देणारी, उत्तराची कारणे सांगणारी पोथी कुंदकुंदांपुढे नव्हती. ट्यूरिंगने १९५० च्या लेखात नेमके हेच पुढे केले: उत्तरे माणसाच्या उत्तरांपासून वेगळी ओळखू येत नसतील, तर विचार नाही कशावरून? त्याने खोडून काढलेल्या आक्षेपांत पहिला आक्षेप धर्माचा होता: विचार हे अमर आत्म्याचे कार्य आहे आणि ईश्वराने यंत्राला आत्मा दिलेला नाही. ट्यूरिंगचे उत्तर मार्मिक होते. ईश्वराने यंत्राला आत्मा देऊ नये, अशी मर्यादा माणसाने त्याच्या सामर्थ्यावर का घालावी? हे उत्तर जैनांना लागू पडत नाही, कारण जैन मतात आत्मा देणारा ईश्वरच नाही. जीव अनादी आहे, कोणी घडवलेला नाही. म्हणून घडवलेल्या वस्तूत तो ‘उत्पन्न’ होण्याचा प्रश्न येत नाही. तो तेथे जन्म घेऊ शकतो का, एवढाच प्रश्न उरतो.

१९८० मध्ये जॉन सर्ल याने चिनी न येणारा माणूस खोलीत बसवला आणि नियमांचे पुस्तक वापरून त्याच्याकडून चिनी प्रश्नांची बिनचूक उत्तरे देववली. त्याच्यापाशी चिन्हे आहेत, अर्थ नाही. हा युक्तिवाद द्रव्यश्रुत आणि भावश्रुत या भेदाच्या फार जवळ आहे. तरी जैन भूमिका सर्लपेक्षा एका अर्थाने अधिक अवघड वाट धरते. विचार करण्यासाठी लागणारे मनसुद्धा जैनांनी दोन प्रकारचे मानले आणि त्यातले द्रव्यमन पुद्गलाचेच बनलेले ठरवले. ज्ञान झाकणारे ज्ञानावरणीय कर्मही पुद्गलच. म्हणजे विचाराची सामग्री जड असू शकते, त्यातला अडथळाही जड असू शकतो. इतके सगळे जडाला देऊन झाल्यावर फक्त जाणणे जीवासाठी राखले आहे. मेंदूविज्ञानाने किंवा यंत्राने सामग्रीबद्दल काहीही शोधून काढले तरी ही भूमिका कोसळत नाही. तिची ताकद त्यात आहे आणि तिच्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेपही त्यातच आहे, कारण कोणत्याही निरीक्षणाने न ढळणारे विधान व्याख्येच्या जवळ जाते. जैन नैयायिकाने यावर स्वसंवेदनाचा पुरावा पुढे केला असता: जाणणारा स्वतःला जाणतो, हे बाहेरून दाखवावे लागत नाही. पण स्वसंवेदन ज्याचे त्याला. यंत्राबद्दल किंवा दुसऱ्या माणसाबद्दल त्यावरून काही ठरत नाही.

आणखी एक भेद अधिक निर्णायक वाटतो. गणना क्रमाने चालते. क्रम काढून टाकला तर गणनाच उरत नाही. दिगंबर परंपरेत केवलज्ञान अक्रम आहे: सर्व द्रव्ये आणि त्यांचे सर्व पर्याय एकदम, पायरीविना, इंद्रियांविना. मँचेस्टरच्या यंत्राची ५२ मिनिटे आजच्या संगणकावर क्षणाच्याही लहानशा अंशात आटोपतात, पण वेग कितीही वाढला तरी ती क्रमाच्याच बाजूला राहतात. शिवाय जैन मतात ज्ञान बाहेरून आत येत नाही. ते आत आहेच, आवरण हटले की प्रकट होते. आजची भाषाप्रतिमाने (लँग्वेज मॉडेल) बरोबर उलट्या दिशेने घडतात: बाहेरच्या द्रव्यश्रुताच्या ढिगातून नवे द्रव्यश्रुत.

एका व्यवहारातल्या प्रश्नात सगळे पारडे उलटे होते. जैन मतात अग्नीत जीव असतात, त्यांना तेजस्काय म्हणतात. वीज ही सचित्त अग्नी की नुसतीच जड ऊर्जा, यावर विसाव्या शतकात जैन मुनींमध्ये बराच वाद झाला. अनेक श्वेतांबर साधू-साध्वी आजही विजेच्या उपकरणाला हात लावत नाहीत. त्यांच्या दृष्टीने संगणक उत्तरे देतो म्हणून तो सजीव ठरत नाही; तो चालू करताना एकेंद्रिय जीवांची हिंसा होते, ही चिंता आहे. ज्याला जग बुद्धी म्हणते तेथे जीव नाही आणि ज्याला कोणी मोजत नाही त्या प्रवाहात कदाचित आहे. बुद्धी आणि चेतना यांची अशी पूर्ण फारकत पाश्चात्त्य चर्चेत उशिरा आली.

हा सगळा वाद एका शब्दापुरता कसा येऊन ठेपतो, हे ‘धवला’च्याच पहिल्या खंडात दिसते. सत्प्ररूपणेच्या त्र्याण्णवाव्या सूत्रात मनुष्यिनी, म्हणजे स्त्री, कोणकोणत्या गुणस्थानांत (आत्मोन्नतीच्या पायऱ्यांत) नियमाने पर्याप्त, म्हणजे पूर्ण विकसित, असते ते सांगितले आहे. हाती आलेल्या प्रतींत ‘संजद’, म्हणजे संयत, हा शब्द नव्हता. वीरसेनांची टीका वाचताना संपादकांना जाणवले की, येथे तो असल्याशिवाय टीकेचा अर्थ लागत नाही, आणि त्यांनी तसे तळटीपेत नोंदवले. शब्द लहान, परिणाम प्रचंड: स्त्रीला संयत गुणस्थान मिळाले तर दिगंबर मतातल्या स्त्रीमुक्तीच्या निषेधाचे काय? वाद पेटला. पुढे मूडबिद्रीची ताडपत्रे ताडून पाहिली तेव्हा शब्द तेथे निघाला. परंपरेने त्याचा अर्थ भावस्त्रीकडे (शरीराने पुरुष, भावाने स्त्री) वळवून आपला सिद्धांत राखला. हिरालाल जैन यांनी तो वेगळा लावला.

गळलेला शब्द आजूबाजूच्या मजकुरावरून भरून काढणे हे आजच्या भाषाप्रतिमानांचे मूळ कामच आहे. तीच टीका दिली तर यंत्रही बहुधा ‘संजद’ सुचवील, आणि ते बरोबर असेल. पण यंत्र ज्याच्या आधारे सुचवील ती शब्दांची संगत आहे. संपादकांपुढे संगत होती, आणि शिवाय हेही होते की, हा शब्द लिहिल्यावर आपल्याच समाजात आपल्याला उत्तर द्यावे लागेल. हे दुसरे जाणणे पहिल्याचाच भाग आहे की त्याच्या बाहेरचे, याचा निकाल ट्यूरिंगच्या कसोटीने लागत नाही. कुंदकुंदांच्या कसोटीने लागतो, पण तिथे जीव आधी मान्य करावा लागतो.